भाकरी खरी, पण दळली कुठे?
पोळी सोडून महिनाभर ज्वारीची भाकरी खाल्ली तरी पोट फुगतंच, म्हणजे ग्लूटेनचा (गव्हातलं प्रथिन, जे ज्वारीत नसतं) संबंध नाही, हा इथे एकाने काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. ज्वारी दळून कुठून आणता? माझ्या बहिणीला ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार, म्हणजे सीलिअ‍ॅक आहे. कोथरूडच्या गिरणीत गव्हाच्या मागोमाग तिची ज्वारी दळली जायची आणि जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ तिच्या डब्यात यायचं. 'ग्लूटेनमुक्त' म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लूटेनची मर्यादा आहे; पाच किलोच्या दळणात चमचाभर गव्हाचं पीठसुद्धा ती ओलांडतं. घरात छोटी चक्की घेतली तेव्हा बराच फरक पडला. तरी आमटीने त्रास व्हायचाच, आणि कारण निघालं हिंग! डबीतल्या बांधानी (पीठ मिसळून बनवलेल्या) हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातलाही मिळतो, घटक वाचून घ्या.

आणि टीटीजीची (हा आजार ओळखण्यासाठीची) रक्ततपासणी झाली नसेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गहू बंद केल्यावर काही काळाने सीलिअ‍ॅक असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. बहिणीला तपासणीसाठी पुन्हा सहा आठवडे पोळ्या खाव्या लागल्या, तिचे ते हाल आम्हाला बघवत नव्हते.