मदत हवी आहे: सातवीतला मुलगा आणि मारधाडीच्या सिरीज
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, रामबागेत राहतो. परवा लेकाच्या मोबाइलवर गळा चिरण्याचा सीन चालू होता आणि हा पठ्ठ्या शांतपणे पोह्यांवर शेव भुरभुरत होता! त्या थंडपणानेच मी हादरले. सासूबाई म्हणतात, "बघून कोणी खुनी होत नाही गं." पण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांच्या १९६१ च्या प्रयोगात मोठ्यांना बाहुली बडवताना पाहून मुलांनीही तेच केलं होतं. (बाहुली म्हणजे माणूस नव्हे, कबूल.) ओटीटीवर 'यू/ए १३+' (तेराखालच्या मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायच्या) आणि त्यापुढच्या रेटिंगच्या गोष्टींना पॅरेंटल लॉक असतो. लावला, आठवड्यात त्याने पिन ओळखला, माझीच जन्मतारीख! मारधाडच नाही, बेडरूमचे सीन आले की मी नुसता रिमोट शोधते, बोलत काहीच नाही. या वयाच्या मुलाशी हे दोन्ही विषय काढायचे कसे? कोणी काढलेत का?