‘इव्होल्वा’मधील योद्ध्यांची उत्क्रांती खरी म्हणावी का?

सांजवेळ (प्रश्न):
नमस्कार. २००० साली आलेला ‘इव्होल्वा’ हा संगणकावरचा गेम मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा खेळायला घेतला आहे. परजीवीने ग्रासलेल्या एका ग्रहावर जेनोहंटर नावाचे चार योद्धे उतरतात आणि मारलेल्या प्राण्यांची जनुके शोषून घेतात. त्या जनुकांमुळे त्यांना नवी शस्त्रे आणि नव्या क्षमता मिळतात, शिवाय त्यांचे रंगरूपही पालटते. लहानपणी हे सारे उत्क्रांती म्हणून मी निमूटपणे मान्य केले होते. परंतु महाविद्यालयात जीवशास्त्र शिकल्यानंतर मनात शंका येऊ लागली आहे. याला उत्क्रांती म्हणता येईल का?

बीजनिवड:
काटेकोरपणे पाहिल्यास म्हणता येणार नाही. नैसर्गिक निवडीसाठी एकमेकांहून थोडे वेगळे असलेले अनेक जीव लागतात, तो वेगळेपणा संततीत उतरावा लागतो आणि त्याचा परिणाम कोणाला किती संतती होते यावर व्हावा लागतो. येथे योद्धे चारच आहेत, त्यांना संतती होत नाही आणि कोणते उत्परिवर्तन (जनुकांतील बदल) स्वीकारायचे हे खेळाडू पडद्यासमोर बसून ठरवतो. शेतकरी पुढच्या पेरणीसाठी उत्तम कणसे बाजूला काढून ठेवतो, त्याच्याशी हे अधिक जुळते. फरक इतकाच की येथे पेरणीची वाट न पाहता उभे पीकच बदलते.

रेषा_आणि_रूप:
खेळाडूच्या हाती निवड देण्यामागे या गेमचा इतिहास आहे. तो बनवणाऱ्या ‘कॉम्प्युटर आर्टवर्क्स’ या ब्रिटिश कंपनीचे संस्थापक विल्यम लॅथम हे मुळात चित्रकार-शिल्पकार. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये असताना ते ठरावीक नियम वापरून एका आकारातून दुसरा आकार काढत मोठाले आकारवृक्ष हाताने रेखाटत असत. पुढे विंचेस्टर येथील आयबीएमच्या संशोधन केंद्रात गणितज्ञ स्टीफन टॉड यांच्यासह त्यांनी ‘म्यूटेटर’ ही प्रणाली तयार केली. संगणक एका आकाराची अनेक उत्परिवर्तित रूपे समोर मांडतो, त्यांतील डोळ्यांना भावेल ते कलावंत निवडतो आणि त्यातूनच पुढची पिढी निघते. ‘इव्होल्वा’ हा त्याच विचाराचा वंशज आहे. म्हणूनच माझ्या मते त्यातील उत्परिवर्तनाचा पडदा लढाईपेक्षा अधिक रंगतो; लढाई, खरे सांगायचे तर, थोड्याच वेळात एकसुरी होते.

संगणकात खरोखर उत्क्रांत झालेले प्रतिस्पर्धी पाहायचे असतील, तर संगणक-चित्रणाचे संशोधक कार्ल सिम्स यांचे १९९४ सालचे काम पाहावे. त्यात ठोकळ्यांचे बनलेले दोन आभासी जीव मध्यभागी ठेवलेल्या एका घनावर ताबा मिळवण्यासाठी झगडतात. यशस्वी जीवांच्या सांकेतिक जनुकांतून पुढची पिढी तयार होते आणि निवाडा संगणकच करतो, त्यामुळे घनावर पसरून त्याला झाकणे किंवा प्रतिस्पर्ध्यालाच दूर लोटणे यांसारखे डावपेच कोणीही न शिकवता निपजतात.

पेट्रीबशी:
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरी मेलेल्याची जनुके घेण्याच्या कल्पनेला कोणी निव्वळ कल्पनाविलास समजू नये. १९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाचे निरुपद्रवी जिवंत जिवाणू आणि त्याच रोगाचे उष्णतेने मारलेले घातक जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात घातक प्रकारचे जिवाणू जिवंत सापडले. हा गुण मृत जिवाणूंच्या डीएनएमधून आला, हे ओसवाल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखवून दिले. याला जनुकांचे आडवे संक्रमण म्हणतात आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू फैलावण्यामागे अशा संक्रमणाचा मोठा वाटा असतो. जेनोहंटर प्राण्यांसारखे दिसत असले, तरी त्यांची रीत जिवाणूंची आहे.

सांजवेळ:
सर्वांचे आभार. मी त्यांना आजवर प्राणी समजूनच तपासत होतो, त्यामुळे माझा प्रश्नच थोडा चुकला होता. आता पुढच्या टप्प्यात चौघांपैकी एकासाठी प्रत्येक उत्परिवर्तन नाणे उडवून निवडणार आहे. माझी निवड काढून घेतल्यावर तो कितपत तग धरतो, ते येथे कळवीन.