वजन कमी करताना येणारी चक्कर : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, धरमपेठ, नागपूर

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त द्यायला येणाऱ्यांकडून एक वाक्य हल्ली फार ऐकते : "खाणं कमी केलंय ना, मग थोडी चक्कर येणारच." अंबाझरी तलावावर फिरायला येणाऱ्या बायकाही हेच म्हणतात, आणि वर एकमेकींचं कौतुकही करतात. मला हे पटत नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून डाएट नीट चालू आहे असं होत नाही. रक्तदाब, साखर, लोह, पाणी-मीठ किंवा आधीपासून चालू असलेली एखादी गोळी, यांतलं काहीतरी बिनसलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते शोधता येतं.

तुमचा अनुभव लिहा. खाण्यातलं काय कमी केलं होतं, चक्कर नेमकी केव्हा यायची (उठताना, जेवणाआधी, उन्हात, कूस बदलताना), कोणती औषधं चालू होती आणि शेवटी काय निघालं, एवढं जरूर सांगा. आपल्या गोळीचा डोस दुसऱ्याला सुचवू नका.

माझ्या ताईपासून सुरुवात करते. ती मनीषनगरला राहते. रक्तदाबाची गोळी कित्येक वर्षांपासून चालू, त्यात लघवी वाढवणारं औषधही. रात्रीचं जेवण हलकं करून तिने वजन बरंच उतरवलं. मग पहाटे पलंगावरून उठलं की भिंत धरावी लागायची. घरातले सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे, नारळपाणी घे. आम्ही मशीनवर मोजलं : आडवं असताना वरचा आकडा १२४, उभं राहिल्यावर ९८. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ते डॉक्टरांना दाखवण्यासारखं असतं. वजनाबरोबर रक्तदाबही उतरला होता, गोळी मात्र जुन्या वजनाचीच चालली होती. फिजिशियनने औषध बदलून दिलं आणि भिंत सुटली.

शिक्षिका, त्रिमूर्तीनगर

पोळी, भात, साखर मी एका झटक्यात बंद केलं. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली आला तेव्हा फार आनंद झाला. पुढे वर्गात खाली वाकून खडू उचलला की डोळ्यांपुढे काळं यायला लागलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी जे समजावलं ते प्रत्येकाला आधीच कळायला हवं. धान्यातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. साठा सरला की ते पाणीही जातं. शिवाय धान्य तोडल्यावर इन्सुलिन कमी होतं आणि मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकू लागतात. म्हणजे सुरुवातीला उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा होता. त्यांनी एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण डब्यात परत आणलं, मधल्या सुट्टीत मीठ-जिरं घातलेलं ताक सांगितलं. काटा आता हळू सरकतो, पण मी दिवसभर उभी राहून शिकवू शकते. माझ्या दृष्टीने हेच मोठं आहे.

धागाकर्ती

ताई, फार उपयोगाचं लिहिलंत. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी मीठ मात्र आपल्या मनाने वाढवू नये.

मुलगा, नंदनवन

मी बाबांबद्दल लिहितो आहे. त्यांना मधुमेह आहे, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी असते. ओळखीच्या मंडळींसोबत त्यांनीही दिवसातून दोनदाच जेवायचं ठरवलं. नाश्ता बंद झाला, नाश्त्यासोबतची गोळी चालूच राहिली.

इतवारीत आमचं दुकान आहे. एके दिवशी अकराच्या सुमारास तिथून पोऱ्याचा फोन आला, "भाऊ, काका काहीच्या काही बोलून राहिले." बाबा कधी कुणावर आवाज चढवत नाहीत, आणि त्या दिवशी माल घेऊन आलेल्या हमालावर ओरडत होते. शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरत होते. पोऱ्याला वाटलं उन्हाचं आहे, त्याने कुलरसमोर बसवलं. शेजारच्या दुकानातल्या काकांना स्वतःला मधुमेह, त्यामुळे त्यांच्या गल्ल्यात ग्लुकोमीटर असतं. साखर ५८ निघाली. ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात. काकांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं तर ८१. मग डब्यातल्या पोळ्या खायला लावल्या. मी पोचलो तेव्हा बाबा शांत बसले होते आणि मघाचं त्यांना फारसं आठवत नव्हतं. त्या काकांचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. तिचा असर बराच वेळ राहतो, म्हणून साखर पिऊन बरं वाटलं तरी माणसाला लगेच एकटं सोडू नये, साखर पुन्हा उतरू शकते. सगळ्या गोळ्या अशा नसतात. मेटफॉर्मिन एकटी चालू असेल तर साखर सहसा इतकी उतरत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र तितकंच जपायला हवं. जेवणाच्या वेळा बदलायच्या असतील तर औषधाची चिठ्ठी घेऊन आधी भेटा, नंतर नाही.

बाबांचा डोस बदलला. ते अजूनही दोनदाच जेवतात, वजन उतरतं आहे. खिशात साखरेची पुडी असते आणि पोऱ्यालाही आता लक्षणं तोंडपाठ आहेत.

भरतीची तयारी करणारा, हुडकेश्वर

मी पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. वजन उतरलं की १६०० मीटरचं टायमिंग सुधरते, असं ग्राउंडवर सारेच म्हणतात. म्हणून सकाळी उपाशी धावायचो अन दिवसभर काकडी, उकडलेली अंडी, बस. एप्रिल लागला तसा धावणं संपवून थांबलो का डोळ्यापुढे अंधार यायचा. धावताना काही नाही, थांबल्यावरच.

सरांनी समजावलं, धावताना पोटऱ्या पायातलं रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं तर रक्त पायातच राहते अन डोक्याला कमी पडते. तर रेषा ओलांडली तरी चालत राहायचं. अन पोट रिकामं ठेवून, वरून घाम गाळून वेग येत नाही. आता आधी एक केळं, नंतर पोहे अन भिजवलेले चणे. बाटलीत घरचंच पाणी : १ लिटरला सपाट ६ चमचे साखर अन सपाट अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा बरं का. टायमिंगही सुधरलं.

बँक कर्मचारी, सक्करदरा

वरच्या भावाशी सहमत. माझं तर आग्रहाचं सांगणं आहे की नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खाणं एकदम तोडायला घेऊ नका. २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता. असल्या उन्हात दोन्ही वेळा नीट जेवणाऱ्यालाही घेरी येते. मी पाऊस पडेपर्यंत थांबलो, तोवर फक्त रात्रीचं गोड बंद ठेवलं.

आई, बेसा

लेक कॉलेजात आहे. सफरचंद, काळी कॉफी आणि रात्री सूप, एवढ्यावर राहत होती. मेट्रोतून उतरताना तिला चक्कर आली, एका अनोळखी बाईंनी बाकावर बसवून मला फोन केला. तपासणीत हिमोग्लोबिन ८.४. बायकांसाठी १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. पाळीत तिला रक्तस्राव जास्त व्हायचा, ते तिने कधी सांगितलंच नव्हतं. लोह आधीपासूनच कमी होत गेलं असणार, खाणं तुटल्यावर शरीराने हात टेकले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणून मुलींच्या आयांना कळकळीने सांगते, डाएट सुरू करायच्या आधी एकदा हिमोग्लोबिन बघा.

लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत चालू आहे, चहापासून लांब. पण मला जास्त काळजी आहे ती ताट पुढे आलं की तिच्या चेहऱ्यावर येणाऱ्या भीतीची. त्यासाठी समुपदेशकाकडे जातो आहोत. घरात तिच्या अंगावरून कुणी काही बोलायचं नाही, हे मी नातेवाइकांनाही स्पष्ट सांगितलं आहे.

निवृत्त, महाल

माझी चक्कर खाण्यामुळे नव्हतीच. कूस बदलली की खोली गरगर फिरायची, अर्ध्या मिनिटात थांबायची. कानाच्या डॉक्टरांनी मान ठरावीक पद्धतीने वळवून ती घालवली. कानातले सूक्ष्म कण जागा सोडतात, त्याने असं होतं म्हणे. बसल्या जागी अंधारी आणि कुशीवर भोवंडणं, यांची कारणं निराळी असतात. डॉक्टरांना दोन्ही नीट वर्णन करून सांगा.

परिचारिका, अपघात विभाग

चक्कर आली की पहिलं काम, आहात तिथेच बसा किंवा आडवे होऊन पाय उंच ठेवा. पाण्याचा पेला आणायला उठू नका. शेगडीपुढे, न्हाणीघरात, गाडीवर माणसं पडतात आणि डोक्याला मार घेऊन येतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धडधड थांबेना, जीभ जड झाली, एका बाजूचा हात-पाय उचलेना, तर १०८ ला फोन करा. शौचाला काळं होत असेल तरी त्याच दिवशी दाखवा. दिवसाला ८०० कॅलरीच्या खाली नेणारा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कुणीही करू नये.

वाचक, मानेवाडा

मला मधुमेहाची गोळी चालू आहे. नवरात्रात नऊ दिवस फक्त फळं आणि चहा घेते, कोराडीच्या देवीलाही जाते. मागच्या वर्षी रांगेत घाम सुटून डोकं हलकं झालं होतं. उपवास सोडायचा नाही. काय करू जी?

परिचारिका, अपघात विभाग

सोडा असं मी म्हणत नाही. घटस्थापनेच्या आधीच चिठ्ठी आणि ग्लुकोमीटरची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळीचं नाव सांगून विचारा की या नऊ दिवसांत ती किती आणि केव्हा घ्यायची. नुसत्या फळांऐवजी भगर, दही, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा चालत असेल तर ठेवा. रांगेत सोबत कुणीतरी हवं, पिशवीत साखर हवी. पुन्हा तसाच घाम सुटला तर तिथेच बसून साखर खा. उपवासाचं काय होईल याचा विचार त्या क्षणी नको.