मदत हवी आहे : सी-आर्म असलेल्या ओटीतील परिचारिकांची किरणसुरक्षा

नमस्कार. मी पूर्व विदर्भातील एका उपजिल्हा रुग्णालयात ओटीची (शस्त्रक्रियागृहाची) इन्चार्ज सिस्टर आहे. झाडावरून पडलेले, धानाच्या बांधीत ट्रॅक्टर उलटून जायबंदी झालेले किंवा दुचाकीवरून घसरलेले रुग्ण पूर्वी थेट नागपूरला रवाना होत. आता अस्थिरोगतज्ज्ञ आणि शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रेने हाडे पडद्यावर दाखवणारे सी-आर्म यंत्र दोन्ही इथेच असल्यामुळे हाडांच्या बऱ्याच शस्त्रक्रिया आमच्याकडे होतात. यंत्राशेजारी उभ्या राहणाऱ्या सिस्टरांना किरणसुरक्षा शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि त्यासाठी आपल्या अनुभवाची गरज आहे.

आमच्याकडे किरणांची भीती पुष्कळ आहे, पण ती भलत्याच जागी आहे. वॉर्डात पोर्टेबल एक्स-रे आला की दोन मीटर लांब उभे राहणे पुरेसे असताना सिस्टर थेट व्हरांड्यात जातात. एक्स-रे काढून झाल्यावर 'किरणे उरली असतील' म्हणून खिडक्या उघडल्या जातात. आणि जिथे असे किरण मुळीच नसतात त्या सोनोग्राफीच्या खोलीत जायलाही काहीजणी कचरतात. त्याच सिस्टर सी-आर्म चालू असताना मात्र टेबलाला टेकून उभ्या असतात. रुग्णाच्या शरीरावर आपटून विखुरणारे किरण हाच तिथला मुख्य धोका आहे, अंतर दुप्पट केले तर मात्रा साधारण एक चतुर्थांश होते, आणि किरण सोडणारी ट्यूब टेबलाखाली ठेवली तर डोके-मानेकडे येणारे किरण बरेच कमी होतात, हे मी त्यांना सांगते. त्यांना ते पटतेही. पण हातात अवजारांचा ट्रे घेतलेली स्क्रब सिस्टर मागे सरकणार कुठे?

माझा सर्वांत अवघड प्रश्न गर्भवती सहकाऱ्यांचा आहे. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमानुसार किरणक्षेत्रातील कर्मचाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणमात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे. गर्भधारणा कळवल्यावर मात्र उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये. सगळे अडते ते 'कळवल्यावर' इथे. तिसरा महिना उलटेपर्यंत घरच्यांखेरीज कोणाला सांगायचे नाही, ही आपल्याकडची रीत, आणि गर्भाच्या मेंदूच्या दृष्टीने आठव्या ते पंधराव्या आठवड्याचा काळ सर्वांत नाजूक. कोणाला खोदून विचारणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून मी असा विचार करते आहे की कोणी सांगो अथवा न सांगो, प्रत्येक सिस्टरने मागूनही झाकणारा शिशाचा एप्रन आणि गळ्याला थायरॉइड कॉलर घालावी, फिरत्या (टेबलापासून दूर राहून सामान पुरवणाऱ्या) सिस्टरने एक्स्पोजरच्या वेळी दोन मीटर मागे जावे आणि स्क्रबची पाळी सर्वांमध्ये फिरती ठेवावी. ज्यांनी असे रोस्टर चालवले आहे त्यांनी ते टिकले का, आणि सर्जनसाहेबांची संमती कशी मिळवली, ते कृपया सांगावे.

अंगावर पडलेली किरणमात्रा मोजणारा टीएलडी बॅज आमच्याकडे सध्या फक्त एक्स-रे तंत्रज्ञांना मिळतो. तो छातीवर एप्रनच्या आत लावायचा आणि दर तिमाहीला बदलायचा, एवढी माहिती आहे. परंतु ओटीच्या सिस्टरांची नावे यादीत घालण्यासाठी ग्रामीण भागातील शासकीय रुग्णालयांनी पत्र कोणामार्फत पाठवले, आणि खर्च रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून मंजूर झाला का, हे प्रत्यक्ष केलेल्या व्यक्तीकडून ऐकायचे आहे. एप्रनचाही प्रश्न आहेच: घडी घालून ठेवल्याने आतल्या शिशाच्या थराला भेगा पडतात, म्हणून हँगर करून घेतले आहेत, पण जुने एप्रन सी-आर्मखाली धरून तपासण्याची नोंद आपण कशी ठेवता?

प्रशिक्षण मराठीत, रात्रपाळीच्या सिस्टरांनाही जमेल असे तासाभराचे आणि शक्यतो ओटीतच घ्यायचे आहे. किरण मोजणाऱ्या मीटरचा काटा अंतरासोबत खाली येताना डोळ्यांनी दिसला तर भाषणाची गरज उरणार नाही, असे मला वाटते. नागपूर किंवा सेवाग्रामच्या रेडिओथेरपी विभागातील मेडिकल फिजिसिस्टांनी (किरणमात्रेचे काम पाहणाऱ्या भौतिकतज्ज्ञांनी) असे मीटर, म्हणजे सर्व्हे मीटर, घेऊन तालुक्याच्या ठिकाणी येऊन असे प्रात्यक्षिक दाखवल्याचा कोणाला अनुभव असेल, तर विनंती कोणत्या स्वरूपात करावी ते कळवावे.