उन्हाळ्यात बागेत सहल: सकाळी ११ ते दुपारी ४ जेवण थंड आणि बैठक सावलीत कशी ठेवायची?

टोपली: रविवारी शहरातल्या बागेत आठ जण बसणार आहोत, त्यात दोन लहान मुलं. पारा ३५ अंशांच्या आसपास असेल. दह्यातलं सॅलड, उकडलेली अंडी, कलिंगड आणि लिंबू सरबत न्यायचा विचार आहे. २५ लिटरचा एकच आइसबॉक्स आहे आणि पार्किंगपासून दहा मिनिटं चालायचंय. बर्फ किती घ्यावा? जागा कशी बघावी?

थंडगार: आधी एक गोष्ट नक्की करा, सरबत त्या बॉक्समध्ये नको. मुलं दर पाच मिनिटांनी झाकण उघडणार, आणि बर्फ संपतो तो त्यामुळेच. सरबताला वेगळी थर्मल पिशवी घ्या.

सुटा बर्फही नको, त्याचं पाणी डब्यांत शिरतं. लिटरच्या चार बाटल्या आदल्या दिवशी सकाळीच फ्रीझरमध्ये उभ्या ठेवा. प्रत्येकीत ८५० मिलीच पाणी भरा, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि गळ्यापर्यंत भरलेली बाटली तडकते. दोन बाटल्या तळाशी, दोन डब्यांच्या वर आडव्या. थंड हवा खाली उतरते, म्हणून वरच्या दोन वगळू नका. उरलेल्या फटीत टॉवेल कोंबा. वितळलं की तेच पाणी प्यायला होतं.

पदार्थ मात्र रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेले हवेत. कोमट डबा आत गेला तर निम्मा बर्फ त्यालाच गार करण्यात जातो. ५ ते ६० अंशांमध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात. एरवी असे पदार्थ बाहेर दोन तास चालतात, पण ३२ अंशांच्या वर एकच तास. वास-चव ठीक असली तरी त्या तासानंतर टाकून द्या. त्यापेक्षा निम्मंच वाढून घ्या, बाकीचं आत राहू द्या. सॅलडमध्ये मीठ आणि दही तिथेच घाला, नाहीतर काकडीला पाणी सुटून सगळं पातळ होतं.

कलिंगड अख्खं न्या. साल घरीच घासून धुवा, कारण सुरी सालीवरची घाण आतल्या गरात नेते. कलिंगडात आंबटपणा कमी असल्याने चिरल्यावर त्यालाही तोच एका तासाचा नियम.

पानसावली: जागेचं सांगतो. सकाळी झाडाची सावली पश्चिमेला पडते, दुपारनंतर पूर्वेला सरकते. अकरा वाजता गडद सावली बघून पश्चिमेला बसलात तर दोनपर्यंत ऊन अंगावर येणारच. पसरट झाड निवडा आणि खोडाच्या पूर्वेला, फांद्यांखालीच चटई टाका. सुरुवातीला थोडे कवडसे येतील, पण चारपर्यंत उठावं लागणार नाही.

बसण्याआधी वर बघा. वाळकी फांदी, पोळं किंवा पिकलेली फळं दिसली तर दुसरं झाड शोधा, फळांवर गांधीलमाश्या हमखास येतात. मग खाली बघा. बारीक मातीची वर्तुळं आणि मधोमध भोक असेल तर ते वारूळच समजा. शंका असल्यास पावाचा तुकडा टाकून पाच मिनिटं थांबा. शेवटी गवतावर कोरडा टिश्यू ठेवून टाचेने दाबा. ओला झाला तर नुकतंच पाणी सोडलंय, आणि साधी चटई अर्ध्या तासात भिजेल. खाली ताडपत्री, वर चादर हे सगळ्यात बरं.

टोपली: खूप उपयोगी, धन्यवाद. पिण्याचं पाणी किती लागेल?

थंडगार: सावलीत बसून माणशी ताशी पाव लिटर, म्हणजे आठ जणांना पाच तासांत १० लिटर. मुलं धावणार असतील तर १२ धरा. बाटल्या वाटून घ्या, एकाच्या खांद्यावर नको. सनस्क्रीन निघण्याआधी २० मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. सावलीतही लावायचंच, पानांमधून आणि आकाशातून अतिनील किरणं येतातच. कोणी बरळायला लागलं किंवा तापलेल्या अंगाचा घाम थांबला तर तो उष्माघात समजा: ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत वारा घाला.