१९६६ चा म्हणून प्रिसिजन बास विकायला आलाय. घ्यावा का?

शर्वरी_एडिसन

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत असते, इथल्या मंडळाच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवते. (हो, बाई बास वाजवते. त्यावर चर्चा करून झाली आहे, नवा धागा काढा.) आजवर मेक्सिकोत बनलेल्या साध्या जॅझ बासवर (फेंडर कंपनीचंच दुसरं मॉडेल) निभावलं.

आता जवळच्याच गावात एक आजोबा त्यांचा फेंडर प्रिसिजन काढतायत. ऐंशीच्या पुढचे आहेत, तरुणपणी न्यूअर्कच्या क्लबांमध्ये आणि नंतर चर्चमध्ये वाजवायचे. बास १९६६ चा आहे म्हणतात. तीन रंगांचा सनबर्स्ट, कासवपाठी पिकगार्ड (तारांखालची प्लास्टिकची पट्टी), रोझवुडचा फिंगरबोर्ड. किंमत ५,२०० डॉलर. बास जेमतेम दाखवला आणि उरलेला वेळ कोणत्या क्लबमालकाने कोणाचे पैसे बुडवले ते ऐकवलं. मला आजोबा फार आवडले, म्हणूनच भीती वाटते. माणूस आवडला की वाद्य तपासायचं राहून जातं.

साल खरं की खोटं कसं ओळखायचं? आणि बास त्यांचाच आहे हे कसं कळणार? पावती वगैरे काही दाखवली नाही. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्यात बरी जुनी गाडी येईल.

ठाणेकर_बंड्या

तुमचे मिस्टर बरोबर बोलतायत. ५,२०० डॉलर म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास झाले. चार तारा आणि एक फळी! नवा घ्या, वॉरंटी मिळेल, हप्ते पडतील.

खर्ज

शर्वरीताई, बंड्याभाऊंचं मनावर घेऊ नका. जुन्या वाद्याच्या प्रत्येक धाग्यावर ते हेच लिहितात आणि स्वतः आजोबांच्या पायपेटीला कोणाला हात लावू देत नाहीत.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाहेर असतो. दिवसा गाड्यांच्या कारखान्यात, रात्री तळघरात लोकांचे बास उघडून बसलेला. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी साल. हेडस्टॉकवरचा (खुंट्या असतात त्या टोकावरचा) लोगो आणि पाठीमागच्या पत्र्यावरचा नंबर यावर विकणारे सगळ्यात जास्त बोलतात, आणि तेच सगळ्यात कमी कामाचे. लोगोचे स्टिकर विकत मिळतात. पत्रा चार स्क्रूंवर बसतो, मी तो चहा उकळेपर्यंत तुमच्या मेक्सिकनवर चढवून देईन. त्यात कारखान्यातही पत्रे नंबराच्या क्रमाने लागत नसत, हाताला येईल तो लागायचा. नंबरावरून फार तर अंदाज बांधता येतो.

खरं कळतं ते नेक, म्हणजे बासची मान, काढल्यावर. आजोबा कां-कूं करतील, करू द्या. त्या काळच्या फेंडरचा ट्रस रॉड (नेकच्या आतली, नेक सरळ ठेवणारी सळई) नेकच्या टाचेकडून फिरवावा लागतो, म्हणजे ज्याने बास नीट सांभाळलाय त्याने नेक कैकदा काढलेलाच असणार. टाचेवर शाईचा शिक्का दिसेल: एक आकडा, महिन्याची तीन अक्षरं, साल आणि शेवटी एक अक्षर. पहिला आकडा म्हणजे तारीख नव्हे. तो मॉडेलचा कोड, प्रिसिजनला ५ आणि जॅझला ७. इथे लोक त्याला तारीख समजून बासचे वाढदिवस साजरे करतात. शेवटचं अक्षर नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे) नेक किती रुंद ते सांगतं: ए म्हणजे दीड इंच, बी म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश, सी म्हणजे पावणेदोन. हात लहान असेल तर हे अक्षर सालापेक्षा महत्त्वाचं.

मग पिकगार्ड उघडा. व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटच्या, म्हणजे फिरवायच्या बटणांखालच्या भागांच्या, पाठीवर आकडे ठोकलेले असतात. सुरुवातीला १३७ असेल तर सीटीएस कंपनी, ३०४ असेल तर स्टॅकपोल. पुढचे दोन आकडे साल, शेवटचे दोन आठवडा. १३७६६१३ म्हणजे १९६६ चा तेरावा आठवडा. पण इथे एक गोम आहे. १९६६ मध्ये फेंडरने पॉटचा इतका साठा भरला की तेच पॉट पुढे १९६९ पर्यंतच्या वाद्यांत सापडतात. म्हणजे पॉट एवढंच सांगतो की बास त्याच्या आधीचा नाही. कित्येक भले लोक पॉट वाचून '६६ चा' म्हणून विकतात, त्यात लबाडी नसते. सोल्डर मात्र नीट बघा. जुनं सोल्डर निस्तेज, राखाडी असतं. चकचकीत थेंब दिसला की कोणीतरी आत हात घातलाय.

पिकगार्डखाली ऊन पोचत नाही, म्हणून तिथला लाल रंग बाहेरच्यापेक्षा गडद हवा. दोन्हीकडे सारखाच असेल तर बास पुन्हा रंगवलेला असू शकतो. तसं निघालं तर पळून येऊ नका, भाव पाडा. रंग बदलला की संग्राहकांच्या लेखी किंमत निम्मी होते, हा बाजाराचा ढोबळ हिशेब. वाजवणाऱ्याला ही पर्वणीच, नेक तोच, पिकअप तेच आणि पैसे अर्धे. माझं तर स्पष्ट मत आहे की वाजवणाऱ्याने अखंड, ओरखडाही नसलेला बास घेऊच नये. जो पन्नास वर्षं कोणी वाजवला नाही, तो का वाजवला नाही?

आता मालकीचं. हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तुम्ही विचारलात म्हणून बरं वाटलं. बासच्या इतिहासातले सगळ्यात गाजलेले तीन बास घ्या, तिन्ही चोरीला गेले.

पहिला आमच्या गावचा. जेम्स जेमर्सन, मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ नंबरचं घर आहे, आता तिथे म्युझियम आहे. तिथल्या स्टुडिओत या माणसाने १९६२ च्या प्रिसिजनवर साठच्या दशकातली निम्मी अमेरिका नाचवली. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, तर्जनी. तारा ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड (वरून गुळगुळीत गुंडाळलेल्या), तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. ब्रिजवरच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा. आणि नेकच्या टाचेपाशी 'फंक' अशी अक्षरं स्वतःच कोरलेली. इतकी गाणी वाजवून रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं नाव कितीतरी वर्षं छापलं गेलं नाही, १९७१ साल उजाडावं लागलं. १९८३ मध्ये तो बास लॉस एंजेलिसच्या घरातून गेला आणि थोड्याच दिवसांत, २ ऑगस्टला, जेमर्सनही गेला. वय ४७. बास आजतागायत मिळालेला नाही. कोणाच्या तरी माळ्यावर पडलाही असेल, आणि 'फंक' ही अक्षरं तासून रंग दिला असेल तर ओळखणार कोण?

दुसरा जॅझवाल्या जॅको पास्टोरियसचा १९६२ चा जॅझ बास, फ्रेट (बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उपटून काढलेला आणि बोर्डावर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवलेला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला. पुढच्याच वर्षी जॅको वारला. वीस वर्षांनी तो न्यूयॉर्कमध्येच एका दुकानात उगवला. मग कुटुंब एकीकडे, दुकानदार एकीकडे. शेवटी मेटॅलिका बँडच्या रॉबर्ट ट्रुहियोने पैसे घातले तेव्हा कुठे तिढा सुटला. तो बास आधी एकदा चक्काचूर होऊन तुकडे जुळवून दुरुस्त झालेला होता, तेव्हा सांध्यांचा नकाशा कोणाला खोटा करता येणार नव्हता.

तिसरा बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा होफ्नर कंपनीचा बास. १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये सुमारे ३० पौंडांना घेतलेला. डावखुऱ्याने उलटा धरला तरी वेडाविद्रा दिसत नाही म्हणून व्हायोलिनच्या आकाराचा. १९७२ मध्ये लंडनमध्ये गाडीतून गेला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सापडल्याचं जाहीर झालं. इतकी वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका घराच्या माळ्यावर होता.

सांगायचा मुद्दा, आजोबांना सरळ विचारा की बास हातात घेतलेला जुना फोटो आहे का. जुन्या वादकाकडे तो असतोच. फोटोतला सनबर्स्ट आणि समोरचा सनबर्स्ट लावून बघा, विशेषतः पिकगार्डची नक्षी. दोन कासवपाठी पिकगार्ड कधी सारखे नसतात. आणि केसच्या आतला छोटा कप्पा उघडायला सांगा. पावत्या, पट्टे, जुन्या तारा, सगळं तिथे कोंबलेलं असतं आणि मालक विसरलेला असतो.

मडगावकर

खर्जसाहेब, जेमर्सनच्या नावाचं वाचलं आणि आमची मुंबई आठवली. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात बासवर टोनी वाझ. गाणी देशभर वाजली, पण ती ऐकणाऱ्यांत हे नाव माहीत असलेले किती निघतील? रेकॉर्डवर संगीतकार, गीतकार, गायक. बाकी आमची गोंयकार पोरं स्टुडिओत बसून नोटेशन बघून वाजवून घरी.

मी स्वतः हॉटेलात आणि नंतर जहाजावर वाजवलं. त्या दिवसांत फेंडर इथल्या दुकानात जाऊन घेण्यासारखी गोष्ट नव्हती. कोणी जहाजावर कामाला लागला की परत येताना घेऊन यायचा, नाहीतर इथे आलेल्या परदेशी बँडवाल्याकडून जाता जाता विकत घ्यायचा. एक बास तीन-तीन बँडांत फिरायचा. ज्याच्याकडे बास त्याला काम, वाजवता थोडं कमी आलं तरी! त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या बासांत मूळचं काहीच उरलेलं नसतं. खुंट्या एकाच्या, पिकअप दुसऱ्याचा, ब्रिज सुताराने बसवलेला. शिक्का शोधायचा तर कुठल्या तुकड्यावर शोधणार?

बाय, आजोबांच्या गोष्टी मात्र लिहून ठेव.

ठाणेकर_बंड्या

एक शंका. हे रोझवुड म्हणजे आपला शिसवच ना? मग आमच्या आईच्या शिसवी कपाटाचे किती फिंगरबोर्ड निघतील?

खर्ज

बंड्याभाऊ, आईंना विचारून करवत लावा.

पण प्रश्न कामाचा आहे. फेंडर आधी ब्राझीलचं रोझवुड वापरायचे, साठीच्या दशकाच्या मध्यावर भारतीय रोझवुडकडे वळले, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढतो तो शिसव. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही ओळखायला जाऊ नका, भलेभले चुकतात. मात्र फरक कागदोपत्री मोठा आहे. ब्राझिलियन १९९२ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे, देशाबाहेर न्यायचं तर परवाना लागतो. भारतीय शिसवाच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. शर्वरीताई, पुढेमागे हा बास पुण्या-मुंबईला न्यायचा विचार असेल तर जाण्याआधी हे निस्तरा. विमानतळावर वाद घालायची ही गोष्ट नव्हे.

शर्वरी_एडिसन

जाऊन आले! आजोबांनी कां-कूं काही केली नाही, उलट स्वतःच स्क्रूड्रायव्हर आणला आणि माझ्या हातून काढून घेतला, 'तू स्क्रूचे माथे खराब करशील' म्हणून.

शिक्का: ५, मार्च, ६८, बी. पॉट दोन्ही १३७ वाले आणि दोन्ही १९६६ चे. म्हणजे खर्जदादांनी सांगितलेली गोम जशीच्या तशी. एका दुरुस्तीवाल्याने फार पूर्वी पॉट बघून त्यांना '६६' सांगितलं होतं, तेव्हापासून ते तेच धरून बसलेले. मी ६८ म्हटल्यावर हसले, म्हणाले, बास दोन वर्षांनी तरुण झाला, मी का नाही झालो?

पिकगार्डखाली लाल रंग अगदी डाळिंबासारखा, बाहेर विटकरी. सोल्डर राखाडी. खालच्या बाजूला बोटं टेकवायची लाकडी पट्टी गायब आहे, दोन भोकं बुजवलेली. आणि वरच्या बाजूला पिकअपच्या कडेशी रंग लाकडापर्यंत झिजलाय, तिथे अंगठा ठेवला तर बरोब्बर बसतो. फोटो मिळाला, कृष्णधवल, चर्चच्या पायऱ्यांवर. पिकगार्डवर कोपऱ्यात एक फिकट ढग आहे, तो फोटोतही आहे.

आणि केसच्या कप्प्यात खरंच पावती निघाली! १९७१ ची, एका गहाणवटीच्या दुकानाची, नंबर हाताने लिहिलेला, पत्र्यावरच्या नंबराशी जुळणारा. आजोबा चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, तेव्हाही मला महागच वाटला होता.

४,६०० ला ठरलं. मीच ६८ चं कारण पुढे करून मागितलं, ते लगेच हो म्हणाले, मलाच वाईट वाटलं. नवऱ्याला बासचा आवाज ऐकवला, तेव्हापासून गाडीचा विषय बंद आहे.

आता दोन प्रश्न. तारा फ्लॅटवाउंड आहेत आणि कधी लावल्या ते आजोबांना आठवत नाही. बदलू का? आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे तारा जरा उंच वाटतात.

मडगावकर

अभिनंदन बाय! ती पट्टी गेली ती चांगलीच गेली. फेंडरवाल्यांना वाटलेलं की लोक बोटं खाली टेकवून अंगठ्याने वाजवतील. वाजवणाऱ्यांनी उलटं केलं, अंगठा वर टेकवला आणि बोटांनी वाजवलं. कंपनीला ती पट्टी वरच्या बाजूला न्यायला १९७४ उजाडलं.

खर्ज

झकास. ६८ आणि ६६ मध्ये वाजवणाऱ्याला फरक काही नाही. भावाची मोठी रेघ १९६५ ची, सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर १३० लाख डॉलरला घेतली तिथली, आणि तुमचा दोन्ही हिशेबांनी रेघेच्या अलीकडचाच. ४,६०० रास्त आहेत, वाईट वाटून घेऊ नका.

तारा बदलू नका. गंजल्या नसतील आणि सूर धरत असतील तर त्या आवाजासाठीच लोक पैसे मोजतात. हवं तर ब्रिजपाशी तारांखाली स्पंज सरकवून बघा, जुन्या गाण्यांना कमालीचा शोभतो.

पावतीचा, नंबराचा, शिक्क्याचा आणि त्या अंगठ्याच्या झिजेचा फोटो काढून मेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. विम्यात बास वेगळा लिहून घ्या आणि कार्यक्रमात पैसे घेऊन वाजवता का हे विचारलं तर खरं सांगा, नाहीतर वेळेला हात वर करतात.

उंचीचं: आधी ब्रिजवरचे सॅडल (तारा टेकतात ते तुकडे) खाली जातात का बघा, बहुतेक तेवढ्यानेच भागेल. नाही भागलं तर नेक सरळ आहे का ते बघू. त्यासाठी वेगळी ताणलेली दोरी लागत नाही, बासचीच ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मधली फट बघायची. व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठीक. जास्त असेल तर तारा सैल करून, नेक काढून, रॉड एका वेळी अष्टमांश फेराच फिरवा. परत बसवा, तारा चढवा, रात्रभर राहू द्या, सकाळी बघा. अडकल्यासारखा लागला तर जोर लावायचा नाही, मला फोटो पाठवा.