चर्चा धागा: रंगाईच्या सांडपाण्यावर मातीतील जिवाणू हा विदर्भासाठी योग्य उपाय आहे का?

कपाशीचे_शेत (धागाकर्ता)
अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ येथील पीएम मित्र पार्क या कापड उद्योग वसाहतीचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये वर्धा येथून झाले. कापूस इथे पिकतो, तर कापडही इथेच व्हावे, ही आपली जुनी मागणी आहे. पण कापडासोबत रंगाईचे पाणीही येईल, म्हणून त्याचा विचार आजच व्हावा. सुती कापडावरील, धाग्याशी रासायनिक जोड करणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांपैकी १० ते ५० टक्के रंग धाग्याला न धरता पाण्यात जातो. तुरटीने तो खाली बसवला, तरी रंगीत गाळ उरतोच. मातीतील बॅसिलस, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू मात्र रंगाचा रेणूच फोडतात: अझो या रंगप्रकारातील दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध त्यांचे अझोरिडक्टेज हे विकर तोडते आणि पाणी रंगहीन होते. असे जिवाणू इथल्याच मातीतून वेगळे करण्याचे काम आपल्या कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांनी हाती घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

काळी_माती
मी असहमत आहे. तो बंध तुटल्यावर अ‍ॅरोमॅटिक अमाइन ही नायट्रोजनयुक्त रसायने उरतात. त्यांना रंग नसतो, पण त्यांतील बेन्झिडीनसारखी काही कर्करोगकारक आहेत. म्हणूनच १९९०च्या दशकात भारताने ११२ रंगांवर बंदी घातली. आज नाला लाल-निळा वाहिला, तर गुराखी जनावरे मागे फिरवतो आणि ग्रामपंचायतीत तक्रार होते. तेच पाणी नितळ दिसू लागले, तर कोण अडवणार?

कपाशीचे_शेत
आपला आक्षेप एकाच टाकीच्या पद्धतीला लागू पडतो. पहिल्या टाकीत ऑक्सिजन नसताना रंग फुटतो. दुसऱ्या टाकीत हवा सोडली की इतर जिवाणू बऱ्याचशा अमाइनांचे विघटन करतात. सल्फोनेटयुक्त अमाइन चिवट असतात हे खरे, म्हणून अमाइनांची तपासणी झाल्याशिवाय पाणी सोडूच नये.

पूर्णाकाठ
दोघांच्याही बोलण्यात मीठ राहून गेले. गडद छटेसाठी रंगाच्या द्रावणात लिटरमागे ५० ग्रॅमहून अधिक मीठ लागते आणि ते कोणताही जिवाणू संपवत नाही. आम्ही अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातले लोक आहोत. विहिरीचे पाणी पिकाला दिले, तर काय होते, हे आम्हाला शिकवावे लागत नाही. सोडियम वाढला की काळ्या चिकण जमिनीचे कण विखुरतात, निचरा थांबतो आणि सुपीक शेत चिबड होते. तसे रंगाईचे पाणी शेतात आले, तर रंग गेल्याचा आनंद कशाला मानायचा?

कपाशीचे_शेत
मीठ काढण्यासाठी गाळणपडदे आणि बाष्पीभवन लागेलच, त्याला जिवाणू पर्याय नाहीत. मात्र इतक्या खारट पाण्यात साधे जिवाणू मंदावतात. त्यामुळे आपल्या खारपाणपट्ट्यातील क्षार सहन करणारे जिवाणू या कामासाठी आधी तपासण्यासारखे आहेत, असे मला मनापासून वाटते.

काळी_माती
संशोधनाला माझा विरोध नाही. प्रयोगशाळेच्या चंबूत एकच रंग असतो, कारखान्याच्या नाल्यात रोज वेगळे मिश्रण येते, आणि हिवाळ्याच्या रात्री पारा उतरला की जिवाणूंचा वेगही उतरतो. म्हणून प्रक्रिया केलेले पाणी कारखान्यातच पुन्हा वापरण्याची अट परवान्यात घालावी, आणि अमाइन व क्षारांचे अहवाल ग्रामसभेपुढे मराठीत ठेवावेत. तोवर माझ्या धुऱ्याशेजारून ते पाणी जाण्यास मी संमती देणार नाही.